घरच्या पवनचक्कीसाठी चार्ज कंट्रोलर निवडताना

पाटण तालुक्यातील पठारावर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, आमचे वडिलोपार्जित घर आहे. वनकुसवड्याच्या बाजूच्या मोठ्या पवनचक्क्या आमच्या अंगणातून दिसतात, आणि ज्या वाऱ्यासाठी त्या तेथे उभ्या केल्या तोच वारा आमच्या कौलांवरूनही जातो. जूनपासून ऑगस्टपर्यंत येथे ढग जमिनीला टेकलेले असतात, सौर पॅनेल जेमतेम काम करते आणि कोठेतरी झाड पडून लाईट गेली की ती केव्हा येईल याचा भरवसा नसतो. मात्र वारा याच तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. त्यामुळे सौर पॅनेलच्या जोडीला पवनचक्की हवी हे आमच्याकडे उघड होते. स्कॉटलंडमधील स्कोराइग येथील ह्यू पिगट यांनी जगभर रुजवलेल्या पद्धतीची, म्हणजे लाकडी पात्यांची आणि दोन चुंबकी तबकड्यांमध्ये स्टेटर (तारेच्या वेटोळ्यांची स्थिर चकती) बसवलेली, २.४ मीटर व्यासाची चक्की आम्ही घरीच बांधली. तिच्या बांधणीची हकिकत मोठी आहे आणि ती येथे सांगण्याचे कारण नाही. चक्की तयार होत आली तेव्हा तिच्यातून येणारी वीज बॅटरीत सुरक्षितपणे कशी घालायची, म्हणजे हे काम सांभाळणारा चार्ज कंट्रोलर कोणता घ्यायचा, हा प्रश्न उरला, आणि पात्यांपेक्षा व चुंबकांपेक्षा त्याच प्रश्नावर माझा अधिक विचार खर्च झाला.

प्रथम अपेक्षित शक्तीचा अंदाज बांधला. २.४ मीटर व्यासाच्या चक्कीचे फिरते क्षेत्रफळ सुमारे साडेचार चौरस मीटर भरते. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा असेल, तर या क्षेत्रातून जाणाऱ्या हवेत समुद्रकिनारी सुमारे २,७५० वॅट शक्ती असते. आमच्या उंचीवर हवा दहा टक्क्यांच्या आसपास विरळ असल्याने ती २,५०० वॅटच्या जवळ येते. बेट्झ मर्यादेनुसार यातील ५९.३ टक्क्यांहून अधिक शक्ती कोणत्याही चक्कीला काढता येत नाही, आणि घरगुती चक्कीची पाती, विंडिंग व एसीची डीसी करणारा रेक्टिफायर यांचे तोटे वजा जाता एक चतुर्थांशाच्या आसपास वीज बॅटरीपर्यंत पोहोचली तरी ती चांगलीच म्हणावी लागते. म्हणजे साधारण ६५० वॅट, २४ व्होल्टच्या बॅटरीत २३ ते २५ ॲम्पिअर. याहून जोराचा वारा आला की शेपटीची रचना चक्कीला वाऱ्यापासून बाजूला वळवते. तरीही एखादा झोत ३० ॲम्पिअरपर्यंत जाईल असे धरून मी पुढचे गणित केले. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने या बाबतीत सरासरीवर विसंबून चालत नाही.

पुण्याला बुधवार पेठेत गेलो असता एका दुकानदाराने माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही. "साहेब, सोलरचा तीस ॲम्पिअरचा घेऊन जा. करंट तो करंट, वाऱ्याचा काय अन् उन्हाचा काय!" पुष्कळ जण याच समजुतीने सौर कंट्रोलर लावतात, म्हणून तो का चालत नाही हे सविस्तर सांगितले पाहिजे. सौर पॅनेल बॅटरीपासून तोडले तर काहीच बिघडत नाही. ऊन पॅनेलवर पडत राहते, पॅनेल थोडे अधिक तापते आणि त्याचे व्होल्टेज ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. म्हणूनच सौर कंट्रोलर बॅटरी भरली की पॅनेल खुशाल तोडतो. पवनचक्कीच्या बाबतीत बॅटरीकडे जाणारा प्रवाह हाच पात्यांवरचा भार असतो. तो प्रवाह तुटला की जनित्राचा अडथळा नाहीसा होतो, पाती मोकळी सुटतात आणि फेऱ्या वाढतील तसे व्होल्टेजही चढत जाते. बैलगाडी घाटातून उतरत असताना बैलच सोडून द्यावेत, तसा हा प्रकार आहे.

हे नुसते तर्काने मानण्याऐवजी कराडच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही जनित्र लेथच्या चकमध्ये पकडून फिरवले. रेक्टिफायरच्या टोकांना फक्त मल्टिमीटर होता, भार काहीही नव्हता. मिनिटाला १६० फेऱ्यांच्या गिअरला साडेतेवीस व्होल्टच्या आसपास आकडा आला, ४०० फेऱ्यांना ५९ आणि ६३० फेऱ्यांना ९० च्या पुढे. मिस्त्रींनी पुढचा गिअर टाकायला हात नेला तेव्हा मीच त्यांना थांबवले. मोकळी सुटलेली चक्की दहा मीटरच्या वाऱ्यात ८०० फेऱ्यांच्या पुढे सहज जाऊ शकते, म्हणजे व्होल्टेज शंभर-सव्वाशेच्या घरात पोहोचणार. आणि बाजारातील २४ व्होल्टचे साधे सौर कंट्रोलर सामान्यतः ५० व्होल्टच्या आसपासपर्यंतच सहन करतात. तेव्हा असा कंट्रोलर पहिल्याच भरल्या बॅटरीला चक्की तोडणार आणि त्यानंतर स्वतः जळणार, हे लेथवरच स्पष्ट झाले. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे तो जळेपर्यंत वर मनोऱ्यावर पाती बेफाम फिरत असणार.

एवढे कळल्यावर माझ्या डोक्यातील कंट्रोलरचे काम बदलले. बॅटरीला किती द्यायचे हे तो ठरवतोच. पण बॅटरीने नको म्हटलेली वीज कोठे टाकायची, हे त्याहून महत्त्वाचे. चक्कीला कोणत्याही क्षणी भार मिळत राहिला पाहिजे. ही अट घेऊन मी उपलब्ध पर्यायांकडे पाहू लागलो.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे ऑनलाइन मिळणारी, पंखेदार ॲल्युमिनियमची, 'विंड-सोलर हायब्रिड' असे लिहिलेली पेटी. एका परिचितांकडून अशी एक पेटी आणून मी उघडून पाहिली. आत थ्री-फेज रेक्टिफायर, काही मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि किरकोळ आकाराचे कपॅसिटर होते; वरच्या लेबलावर मात्र १,००० वॅट छापलेले होते. डम्प लोड, म्हणजे नको असलेली वीज उष्णतेच्या रूपात खाणारा भार, जोडायला त्यात टर्मिनलच नव्हते. बॅटरी भरली की ही पेटी जनित्राच्या तिन्ही फेज आपसात शॉर्ट करते आणि चक्कीला ब्रेक लावते. पाती मंदावतात, बॅटरीचे व्होल्टेज उतरते, पेटी ब्रेक सोडते, पाती पुन्हा वेग घेतात आणि पुन्हा ब्रेक लागतो. बेताच्या वाऱ्यात हे चालून जाते. आमच्याकडच्या जुलैतल्या झोतांमध्ये मात्र प्रत्येक शॉर्टबरोबर पात्यांच्या मुळाशी धक्का बसणार आणि रेझिनमध्ये ओतलेल्या स्टेटरला उष्णता बाहेर टाकायला फारशी वाट नसल्याने विंडिंग तापत जाणार. शिवाय फेऱ्या आधीच वाढलेल्या असताना शॉर्ट केल्यास चक्की थांबेलच अशी खात्री नसते. कधीकधी विंडिंग आधी जळते. शॉर्टचा ब्रेक मीही ठेवला आहे, पण तो हाताने लावायचा, वारा उतरलेला असताना लावायचा आणि मनोरा खाली घेण्यापूर्वी लावायचा. बॅटरी भरल्याचे नियंत्रण म्हणून दिवसभर त्याचा मारा करणे मला पटले नाही, आणि ती पेटी मी साभार परत केली.

दुसरे टोक एमपीपीटीचे, म्हणजे जास्तीत जास्त शक्ती मिळेल ते व्होल्टेज सतत शोधणाऱ्या कंट्रोलरचे. त्याचा मोह मला बराच काळ होता, आणि तो निराधारही नव्हता. चक्की थेट बॅटरीला जोडली की बॅटरीचे व्होल्टेज तिच्या फेऱ्यांना एक प्रकारे बांधून ठेवते. वारा वाढतो पण फेऱ्या त्या प्रमाणात वाढत नाहीत आणि पाती हवेतून पूर्ण शक्ती काढू शकत नाहीत. एमपीपीटी कंट्रोलर वाऱ्याप्रमाणे फेऱ्या वाढू देतो, जास्त व्होल्टेजवर वीज खाली आणतो, त्यामुळे केबलही बारीक चालते. मिडनाइट क्लासिकसारख्या कंट्रोलरमध्ये वाऱ्यासाठी स्वतंत्र मोड असून व्होल्टेज आणि शक्ती यांचा आलेख त्यात आपणच भरायचा असतो. परंतु असा कंट्रोलर कोणत्याही कारणाने बंद पडला की चक्की पुन्हा मोकळी. म्हणून त्याच्यापुढे जादा व्होल्टेज खाणारा क्लिपर लावावाच लागतो. म्हणजे महागडा कंट्रोलर घेऊनही डम्प लोडपासून सुटका नाही. त्यातच आमच्या चक्कीचा आलेख मोजून काढायचा तर वारा, फेऱ्या आणि शक्ती यांची नोंद पूर्ण हंगामभर ठेवावी लागली असती. थेट जोडणीतील तोटाही वाटतो तेवढा मोठा राहत नाही, कारण मनोऱ्यापासून घरापर्यंतच्या केबलमध्ये जोराच्या वाऱ्यात जी व्होल्टेजची घट होते, तिच्यामुळे जनित्राला थोडे वर चढायला वाव मिळतो आणि पाती अगदीच दबून राहत नाहीत. केबल अवाजवी जाड घेऊ नये, हे मला तेव्हा प्रथमच उमगले.

उरला तो डायव्हर्जन पद्धतीचा कंट्रोलर, आणि तोच मी घेतला. यात चक्की रेक्टिफायरमार्फत थेट बॅटरीला जोडलेली असते, तिला कोणीही तोडत नाही. कंट्रोलर चक्कीच्या मार्गात नसतोच. तो बॅटरीवर बसून व्होल्टेज पाहतो आणि ते ठरवलेल्या पातळीला पोहोचले की बॅटरीतून जादा वीज डम्प लोडकडे वळवतो. पूर्वी हे काम रिलेने (विजेने चालणाऱ्या यांत्रिक स्विचने) करत, आणि अजूनही अनेक जण तसेच करतात. रिले स्वस्त आहे, पण तो एक तर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढेच जाणतो. पातळीच्या आसपास तो सतत टकटकतो आणि डीसीमध्ये संपर्कबिंदूंवर ठिणगी लांबत असल्याने ते एक दिवस चिकटतात. पीडब्ल्यूएम पद्धतीत मॉसफेट सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करून नेमकी लागेल तेवढीच वीज वळवतात आणि बॅटरीचे व्होल्टेज एका रेषेत राहते. या कामासाठी झँट्रेक्सचा सी-४० आणि मॉर्निंगस्टारचा ट्रायस्टार ही दोन नावे पुष्कळ वर्षांपासून प्रसिद्ध आहेत. दोन्ही सौर चार्जिंग, भारनियंत्रण आणि डायव्हर्जन या तिन्ही प्रकारे चालतात. मला ४५ ॲम्पिअरचा ट्रायस्टार मिळाला. त्यात बॅटरीचे व्होल्टेज मोजण्याच्या वेगळ्या तारा आणि तापमानाचा सेन्सर जोडता येतो, या दोन गोष्टींनी माझा निर्णय पक्का केला.

४५ ॲम्पिअर हा आकडा चक्कीच्या २५ किंवा ३० ॲम्पिअरवरून थेट येत नाही. डम्प लोड चक्कीच्या कमाल प्रवाहापेक्षा अधिक खाणारा हवा, नाहीतर भरल्या बॅटरीत वीज घुसतच राहील. आणि तोच डम्प लोड कंट्रोलरच्या क्षमतेपेक्षा कमी खाणारा हवा, नाहीतर कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडेल आणि नेमका वादळी रात्री बंद पडेल. म्हणजे ३० च्या वर आणि ४५ च्या आत, अशा पट्ट्यात बसणारा रोध शोधायचा होता. पुतण्याने सहज सुचवले, "काका, पाणी तापवायचा रॉड आहे की घरात, तोच लावा." २३० व्होल्टवर १,५०० वॅट देणाऱ्या रॉडचा रोध सुमारे ३५ ओहम असतो. २८.८ व्होल्टवर तो एक ॲम्पिअरसुद्धा घेत नाही आणि जेमतेम २४ वॅट उष्णता देतो. आमचे काम भागवायला असे चाळीसेक रॉड समांतर जोडावे लागले असते.

उपाय मात्र शेवटी तसाच घरगुती निघाला. विजेच्या शेगडीची २,००० वॅटची नायक्रोमची कॉइल हार्डवेअरच्या दुकानात सुटी मिळते. तिचा रोध साडेसव्वीस ओहमच्या जवळ असतो. ती ताणून, सारख्या सहा भागांत कापली तर प्रत्येक तुकडा ४.४ ओहमचा होतो, आणि हे सहाही तुकडे समांतर जोडले की एकूण रोध ०.७३ ओहम उरतो. २८.८ व्होल्टवर तो ३९ ॲम्पिअर घेतो आणि ११०० वॅटच्या वर उष्णता बाहेर टाकतो. हवा होता त्या पट्ट्यात अगदी नेमका बसतो. प्रत्येक तुकड्यातून साडेसहा ॲम्पिअर जातात, शेगडीत त्याच तारेतून पावणेनऊ जात असतात; त्यामुळे तार शेगडीसारखी लालबुंद होत नाही आणि तिचे आयुष्यही वाढते. तुकडे चिनी मातीच्या आधारांवर ताणून जाळीदार लोखंडी पेटीत बसवले, टोके पितळी बोल्टांनी दाबली, कारण नायक्रोमला साधे डाखकाम धरत नाही आणि उष्णतेने ते निघूनही येते. गुंडाळलेली तार म्हटल्यावर थोडे इंडक्टन्स, म्हणजे प्रवाह एकदम तोडताच व्होल्टेजची उसळी देण्याचा गुण, आलेच. त्यासाठी लोडला समांतर एक उलटा डायोड टाकला.

ही उष्णता पाणी तापवायला का वापरली नाही, असे येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. पाणी उकळायला लागल्यावर थर्मोस्टॅटने भार तोडला, की पुन्हा जुनाच प्रश्न उभा राहतो. आणि थर्मोस्टॅट काढून टाकला तर टाकी कोरडी पडण्याची भीती. डम्प लोडला नाही म्हणण्याची मुभा नसते. त्यामुळे पेटी पडवीत, दगडी भिंतीवर बसवली. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, त्यामुळे पडवीतील त्या उबेचे घरात स्वागतच झाले. मात्र दोरी पेटीपासून हातभर तरी लांब राहील, हे मी स्वतः पाहतो.

जोडणीच्या क्रमाकडेही तितकेच लक्ष द्यावे लागले. कंट्रोलरच्या तारा रेक्टिफायरवर न आणता थेट बॅटरीच्या टोकांवर आणल्या आणि त्यांना स्वतंत्र फ्यूज दिला. कंट्रोलर चक्कीच्या बाजूला जोडलेला असताना मधला फ्यूज उडाला, तर बॅटरीचा आधार सुटून चढते व्होल्टेज थेट कंट्रोलरवर आदळते. चक्कीच्या मार्गातील ब्रेकर डीसीसाठीचाच घेतला. घरातील साधे एमसीबी डीसीची ठिणगी विझवतीलच असे नाही. हाताचा ब्रेक रेक्टिफायरच्या आधी, तिन्ही फेजवर ठेवला. जांभ्या दगडात अर्थिंग चांगले मिळत नाही, त्यामुळे खड्डा खोल घेऊन कोळसा-मीठ भरले आणि मनोऱ्याच्या ताणतारांच्या खुंट्यांनाही त्याच अर्थिंगशी जोडून घेतले. मे महिन्यातील वळवाच्या विजा येथे मनोऱ्यासारख्या उंच वस्तूवर प्रथम येतात.

बॅटऱ्या १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांच्या चार ट्युब्युलर, दोन-दोन सिरीजमध्ये व त्या जोड्या समांतर. दोनच ठेवल्या असत्या तर २५ ॲम्पिअर त्यांना जरा जडच गेले असते. बॅटरी उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे भरण्याची पातळी २८.८ व्होल्ट आणि त्यानंतरची फ्लोट (भरलेली बॅटरी नुसती भरलेली राखण्याची) पातळी साडेसत्तावीसच्या आसपास ठेवली. तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला चिकटवला आहे. तापमानानुसार भरण्याच्या पातळीत करावा लागणारा, दर सेलमागे अंशाला चार ते पाच मिलिव्होल्ट एवढा फरक बारा सेलांचा मिळून दहा अंशांना अर्ध्या व्होल्टच्या पुढे जातो, आणि एप्रिल व जुलै यांत आमच्या बॅटरीच्या खोलीत तेवढा फरक सहज पडतो. सौर पॅनेलला त्याचा स्वतःचा साधा सौर कंट्रोलरच आहे, पण त्याची पातळी मी मुद्दाम २८.२ ठेवली. वारा असताना व्होल्टेज त्याच्या वर गेले की पॅनेल आपणहून बाजूला होते आणि उन्हाची वीज पडवीत जाळण्याची वेळ येत नाही.

मॉसफेट बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊन बिघडतो, आणि तसे झाले तर डम्प लोड कायमचा चालू राहून एका रात्रीत बॅटरी उपसून टाकेल. उलट तो उघडा राहिला तर बॅटरी उकळेल. दोन्ही शक्यतांसाठी वेगळी व्यवस्था केली. बॅटरी २३.५ व्होल्टच्या खाली गेली की बझर वाजतो. ३० व्होल्टला, फोर्कलिफ्टमध्ये असतो तसा डीसी काँटॅक्टर दुसऱ्या, तशाच कॉइलच्या पेटीला चालू करतो. मधल्या काळात महिन्याकाठी इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम केलेले जादा चार्जिंग) करायचे झाल्यास पातळी ३० च्या खाली राहील, एवढे पाहावे लागते.

पहिल्या पावसाळ्यात जुलैच्या एका संततधारेत वारा रात्रभर थांबला नाही. टाँगटेस्टर (तार न तोडता प्रवाह मोजणारा मीटर) चक्कीच्या तारेवर लावला तेव्हा आकडा १२ पासून २७ ॲम्पिअरपर्यंत वरखाली पळत होता, बॅटरीच्या तारेवर मात्र चार-पाच ॲम्पिअरपलीकडे हलत नव्हता; उरलेले सगळे पडवीत जात होते. पेटीजवळ कान नेला तर पीडब्ल्यूएमचा बारीक गुणगुणाट ऐकू येतो, झोत आला की तो भरतो आणि ओसरला की विरळ होतो. त्याच लहरींमुळे मीडियम वेव्हवरच्या रेडिओत खरखर येते, याचा बंदोबस्त मला पूर्णपणे करता आलेला नाही. डम्प लोडच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन नेल्यावर ती बरीच कमी झाली. दुसऱ्या पेटीचा काँटॅक्टर अजून चाचणीखेरीज कधी लागलेला नाही.

आता घरात लिथियम बॅटरीचा विषय निघाला आहे. लिथियममधील बीएमएस, म्हणजे सेलांवर लक्ष ठेवणारे आतले सर्किट, एखादा सेल मर्यादेबाहेर जाताच बॅटरीच तोडतो, आणि आमच्या जोडणीत बॅटरी तुटली की कंट्रोलरचा व्होल्टेजचा आधार आणि चक्कीचा भार ही दोन्ही एकाच क्षणी जातात. तेव्हा बॅटरी बदलण्यापूर्वी रेक्टिफायरच्या टोकांवर, बॅटरीवर अजिबात न विसंबणारा, ३२ व्होल्टच्या आसपास चालू होऊन जादा व्होल्टेज दाबून धरणारा वेगळा क्लॅम्प बसवावा लागेल. त्याचे सर्किट सध्या त्याच लेथवर, जनित्राऐवजी एका जुन्या ट्रकच्या अल्टरनेटरने, तपासून पाहत आहे.